पेप्टाइडची रचना बदलली की काय बदलतं: प्रोजेक्टला हात घालण्याआधी वाचायचं टिपण

मायक्रोबायोलॉजी, बायोटेक किंवा केमिस्ट्रीच्या पोरांना हल्ली प्रोजेक्टसाठी 'अँटीमायक्रोबियल पेप्टाइड', म्हणजे अमिनो आम्लांच्या जिवाणू मारणाऱ्या छोट्या साखळ्या, हा विषय सर्रास मिळतो. नांदेडला मिळतो, लातूर-परभणीला मिळतो, संभाजीनगरला तर मिळतोच. सर सांगतात, "तीन-चार पेप्टाइड मागवू, सिक्वेन्स थोडा थोडा बदलू, अ‍ॅक्टिव्हिटी बघू." ऐकायला सोपं वाटतं. मग कोटेशन मागवायची वेळ येते आणि कळतं, की नेमकं काय बदलायचं हेच ठरलेलं नाही.

मी या कामातून गेलेय. प्रयोगशाळेत सगळ्या सोयी असतील असं धरून लिहिलेले लेख इंग्रजीत भरपूर आहेत. हे टिपण सोयी बेताच्या असलेल्या कॉलेजसाठी आहे.

१. आधी प्रश्न ठरवा, आणि तो दोन आकड्यांत विचारा

जिवाणू मारणारं पेप्टाइड बनवणं फारसं अवघड नाही. मधमाशीच्या विषातलं मेलिटिन २६ अमिनो आम्लांचं आहे. ते जिवाणू झटक्यात मारतं आणि तितक्याच झटक्यात आपल्या तांबड्या पेशीही फोडतं. अवघड आहे ते जिवाणूला धरणं आणि आपल्या पेशीला सोडणं. म्हणून रचनेचा परिणाम बघताना एकटी एमआयसी, म्हणजे जिवाणूंची वाढ थांबवणारी कमीत कमी मात्रा, कधीच बघू नका. तिच्या शेजारी हिमोलिसिसचा, म्हणजे तांबड्या पेशी फुटण्याचा, आकडा हवाच. ज्या बदलामुळे एमआयसी निम्म्यावर आली, त्याच बदलामुळे हिमोलिसिस चौपट झालं असेल, तर ती सुधारणा नाही. थीसिसच्या गोषवाऱ्यात मात्र तिला 'सुधारणा' म्हटलेलं मी बरेचदा वाचलंय.

दुसरं, एका पेप्टाइडमध्ये एकच बदल करा. चार्ज वाढवला, लांबी कमी केली आणि टोकही बदललं, तर निकाल कशामुळे आला ते कुणालाच सांगता येणार नाही. तोंडी परीक्षेत बाहेरचे परीक्षक पहिला प्रश्न तोच विचारतात.

२. रचनेत बघायचं काय

मुख्य गोष्टी चार-पाचच आहेत. पण त्या एकमेकींत गुंतलेल्या आहेत.

*चार्ज.* जिवाणूच्या पटलाच्या (पेशीभोवतीच्या पातळ आवरणाच्या) बाहेरच्या अंगाला ऋण चार्जचे लिपिड असतात: फॉस्फाटिडिलग्लिसरॉल, कार्डिओलिपिन. ग्रॅम-निगेटिव्हमध्ये वरून लिपोपॉलिसॅकराइडचा थर असतो, तोही ऋण. आपल्या तांबड्या पेशीचा बाहेरचा थर मुख्यतः फॉस्फाटिडिलकोलीन आणि स्फिंगोमायलिनचा, म्हणजे एकूण चार्ज शून्य, आणि त्यात कोलेस्टेरॉल. धन चार्जचं पेप्टाइड जिवाणूकडे ओढलं जातं ते या फरकामुळे. लायसीन आणि आर्जिनिन धन चार्ज देतात. यातलं आर्जिनिन फॉस्फेटला जास्त घट्ट धरतं. पण चार्ज वाढवत नेला की फायदा वाढतच जातो असं नाही. एका मर्यादेनंतर एमआयसी तिथेच थांबते आणि हिमोलिसिस वर सरकू लागतं.

*जलद्वेषी भाग.* ल्युसीन, आयसोल्युसीन, फेनिलअ‍ॅलॅनिन, ट्रिप्टोफॅन, व्हॅलिन हे पाणी टाळणारे. पटलाच्या आत घुसायचं काम यांचं. खरी गोम इथेच आहे. हा भाग थोडा वाढवला तर जिवाणू जास्त मरतात. आणखी वाढवला तर तांबड्या पेशीही फुटू लागतात, कारण चार्ज नसलेल्या पटलात शिरायलाही हाच भाग पुरेसा पडतो. त्याहून वाढवला तर पेप्टाइड पाण्यात एकमेकांनाच चिकटून बसतात आणि जिवाणूविरुद्धची ताकदही उतरते.

*मांडणी.* एकूण चार्ज आणि एकूण जलद्वेषी भाग तोच ठेवून नुसता क्रम बदलला, तरी पेप्टाइड निकामी होऊ शकतं. पेप्टाइडचा स्प्रिंगसारखा पीळ म्हणजे अल्फा हेलिक्स. तो मक्याचं कणीस समजा: एका बाजूच्या ओळींत सगळे धन चार्जवाले दाणे, दुसऱ्या बाजूच्या ओळींत सगळे जलद्वेषी. ही विभागणी किती स्वच्छ आहे ते मोजायला 'हायड्रोफोबिक मोमेंट' वापरतात.

*लांबी.* हेलिक्समध्ये दर अमिनो आम्लामागे दीड अँगस्ट्रॉम लांबी वाढते. पटलाचा आतला तेलकट भाग साधारण ३० अँगस्ट्रॉम जाड. म्हणजे आरपार जायला २० च्या आसपास अमिनो आम्लं लागतात. आखूड पेप्टाइड काम करत नाहीत असं नाही. गाईच्या पांढऱ्या पेशींतलं इंडोलिसिडिन फक्त १३ चं आहे, ते हेलिक्सही करत नाही, आणि तरी जिवाणू मारतं. पण तिथे कारण वेगळं शोधावं लागतं.

*डी-रूप.* म्हणजे नेहमीच्या अमिनो आम्लाची आरशातली प्रतिमा. रॉबर्ट मेरिफिल्ड यांनी १९६३ मध्ये घन आधारावर पेप्टाइड बनवायची रीत मांडली, त्याबद्दल १९८४ चं नोबेल मिळालं. त्यांच्याच गटाने १९९० मध्ये सेक्रोपिन, मॅगेनिन आणि मेलिटिन पूर्णपणे डी-अमिनो आम्लांनी बनवून पाहिले. आरशातली प्रतिमा, पण जिवाणूविरुद्धची ताकद मूळच्या तोडीची. याचा अर्थ हे पेप्टाइड कुठल्या ठरावीक रिसेप्टरला कुलूप-किल्लीसारखे बसत नाहीत, थेट पटलावर काम करतात. शिवाय प्रथिनं तोडणारं ट्रिप्सिन हे विकर डी-रूपाला तोडू शकत नाही. उलट मधमाशीतल्याच अ‍ॅपिडेसिनचं लक्ष्य जिवाणूचा रायबोसोम, म्हणजे पेशीच्या आतलं प्रथिनं बनवणारं यंत्र. त्याचं डी-रूप बनवलं की ते निकामी होतं. त्यामुळे तुमचं पेप्टाइड पटलावर काम करतं की आत जाऊन, हे तपासायला डी-रूप हा सरळ मार्ग आहे. फक्त महाग पडतो.

३. संगणक उघडण्याआधी कागदावर चाक काढा

हेलिक्सकडे टोकाकडून बघितलं तर कुठलं अमिनो आम्ल कुठल्या बाजूला येतं, ते दाखवणारं चाक म्हणजे हेलिकल व्हील. ते काढून देणारी फुकट साधनं आहेत, हेलिक्वेस्ट सगळ्यांना माहीत असतं. तरी पहिलं चाक हातानेच काढा. कंपास पेटीतला कोनमापक पुरतो. हेलिक्सच्या एका वेढ्यात ३.६ अमिनो आम्लं, म्हणजे प्रत्येक पुढचं १०० अंशांवर. पहिलं शून्यावर, दुसरं १०० वर, तिसरं २०० वर, चौथं ३००, पाचवं ४० वर. १८ झाली की पाच वेढे पूर्ण होतात आणि १९ वं पुन्हा शून्यावर येतं.

सरावाला मॅगेनिन-२ घ्या. मायकल झॅस्लॉफ यांनी १९८७ मध्ये आफ्रिकी झेनोपस बेडकाच्या कातडीतून शोधलेलं, २३ अमिनो आम्लांचं. त्यातली चार लायसीन ४, १०, ११ आणि १४ या जागांवर आहेत. अंश काढा: ३००, १८०, २८०, २२०. म्हणजे चारही १८० ते ३०० च्या पट्ट्यात. फेनिलअ‍ॅलॅनिन ५, १२, १६ वर, म्हणजे ४०, २० आणि ६० अंशांवर. दोन्ही आयसोल्युसीन १०० वर, ल्युसीन १४० वर, व्हॅलिन १६० वर. दोन बाजू डोळ्यांना दिसतात. पण १९ वं ग्लुटामिक आम्ल बघा: ऋण चार्ज, आणि बसलंय शून्य अंशावर, फेनिलअ‍ॅलॅनिनच्या शेजारी.

आता याच्यावरून बनवलेलं कृत्रिम पेप्टाइड पेक्सिगॅनन घ्या, २२ चं. ७ व्या जागेचं हिस्टिडिन आणि १८ व्या जागेचं ग्लायसीन काढून तिथे लायसीन घातलंय. अंश येतात २४० आणि २६०, बरोबर जुन्या लायसीनच्या मधोमध. ८ व्या जागेच्या सेरीनऐवजीही लायसीन आहे, ते ३४० वर, जरा कडेला. ते ऋण ग्लुटामिक आम्ल गायब, त्याच्या जागी शून्य अंशावर आयसोल्युसीन, जलद्वेषी बाजूला धरून. शेवटची दोन लायसीन २०० आणि ३०० वर. शेपटाला अमाइड. चार्ज मोजा: मॅगेनिनमध्ये चार लायसीन आणि सुरुवातीचं अमिनो टोक मिळून ५, त्यातून ग्लुटामिक आम्ल आणि कार्बॉक्सिल टोक वजा, राहिले +३. पेक्सिगॅननमध्ये नऊ लायसीन आणि अमिनो टोक, +१०.

एवढं एकदा हाताने केलं, की सिक्वेन्स बघून कुठला बदल का केलाय ते तुम्हाला आपोआप दिसू लागतं. जाता जाता, पेक्सिगॅनन मधुमेही पायाच्या जखमांसाठी मलम म्हणून अमेरिकेत मंजुरीला गेलं होतं. १९९९ मध्ये तिथल्या औषध प्रशासनाने ते नाकारलं, उपलब्ध उपचारांपेक्षा सरस असल्याचं सिद्ध झालं नाही म्हणून. प्रस्तावनेत 'क्रांतिकारी' लिहायचा मोह झाला तर हे आठवा.

आधी कुणी काय करून ठेवलंय ते बघायला डेटाबेस आहेत. अमेरिकेतला एपीडी आहेच, आणि मुंबईत परळच्या आयसीएमआर संस्थेत तयार झालेला कॅम्पही आहे. त्यात भाकीत करणारी साधनंही आहेत. ती देतात तो आकडा 'हे अँटीमायक्रोबियल असण्याची शक्यता' एवढंच सांगतो. त्याला एमआयसी समजू नका.

४. ऑर्डर: इथेच निम्मं काम बिघडतं

कंपनीच्या फॉर्मवर या गोष्टी स्पष्ट लिहा, नाहीतर ते त्यांच्या सोयीने पाठवतात.

- कार्बॉक्सिल टोक अमाइड हवं की मोकळं आम्ल. फरक एका चार्जचा आहे, आणि सगळ्या मालिकेत टोक एकच हवं. स्वतः बनवत असाल तर रिंक अमाइड रेझिनवर अमाइड मिळतं, वँग रेझिनवर आम्ल.
- शुद्धता ९५ टक्क्यांच्या वर, एचपीएलसीचा (घटक वेगळे करून दाखवणाऱ्या पद्धतीचा) आलेख आणि रेणूचं वजन दाखवणारा मास स्पेक्ट्रम सोबत. 'क्रूड' स्वस्त मिळतं, पण त्यातले अर्धवट तुटके तुकडे काय करतात ते कोण सांगणार?
- निव्वळ पेप्टाइड किती टक्के, हे लेखी.

शेवटच्या मुद्द्यावर जरा थांबू. शुद्धता ९५ टक्के म्हणजे कुपीत ९५ टक्के पेप्टाइड असं नव्हे. एचपीएलसीनंतर प्रत्येक धन गटाला ट्रायफ्लुरोअ‍ॅसिटिक आम्लाचा, म्हणजे टीएफएचा, एक रेणू चिकटून येतो. त्याचं वजन ११४. पेक्सिगॅननचं स्वतःचं वजन साधारण २४७७, त्यावर दहा टीएफए म्हणजे ११४०. म्हणजे १० मिलिग्रॅमच्या कुपीत पेप्टाइड ६.८ मिलिग्रॅम, ओलावा वेगळाच. मॅगेनिन-अमाइडला हिस्टिडिन धरून सहा टीएफए. तिथे तेच ७.८ निघतं. चार्जचा परिणाम बघायला निघालात आणि नुसत्या वजनावर तुलना केलीत, तर जास्त चार्जवालं पेप्टाइड आहे त्यापेक्षा कमजोर दिसणार. दुरुस्ती करा आणि तुलना मायक्रोमोलारमध्येच करा. २८० नॅनोमीटरला मोजून भागेल असं वाटत असेल, तर या दोन्हींत ट्रिप्टोफॅन नाही की टायरोसीन नाही, तिथे काहीच दिसणार नाही.

सरकारी किंवा अनुदानित कॉलेज असेल तर तीन कोटेशन, खरेदी समिती, मग ऑर्डर. पेप्टाइड बनायला काही आठवडे लागतात. पार्सल दिवाळीच्या सुट्टीत येईल असं करू नका. ते आवक-जावकच्या टेबलावर पडून राहतं. कोरडी भुकटी तेवढ्याने मरत नाही, पण काचेच्या खिडकीतल्या उन्हात आठवडाभर कशाला ठेवायची.

५. हाताशी काय हवं

कागद: संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची परवानगी, मानवी रक्त वापरणार असाल तर नैतिकता समितीची मंजुरी आणि रक्तदात्याचं संमतिपत्र. हा अर्ज पहिल्याच महिन्यात टाका, समितीच्या बैठका वारंवार होत नाहीत.

जिवाणू: ई. कोलाय एटीसीसी २५९२२ आणि स्टॅफ. ऑरियस एटीसीसी २९२१३. पुण्याच्या एनसीआयएम किंवा चंदीगडच्या एमटीसीसी या जिवाणूसंग्रहांकडे चौकशी करा. शेजारच्या हॉस्पिटलमधून आणलेला नमुना जरूर वापरा, पण प्रमाणित जिवाणूंच्या जोडीला.

सामान: पॉलिप्रोपिलीनच्या ९६ खान्यांच्या गोल बुडाच्या प्लेट, पॉलिप्रोपिलीनच्याच ट्यूब, कॅल्शियम-मॅग्नेशियम प्रमाणित म्युलर-हिंटन ब्रॉथ (जिवाणू वाढवायचं द्रव माध्यम), बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन प्रथिन), अ‍ॅसिटिक आम्ल, ट्रायटन एक्स-१०० (पेशी फोडणारा साबणासारखा पदार्थ), पीबीएस (फॉस्फेटचं खारट बफर).

६. कुपी उघडताना

भुकटी दिसतच नाही कधी कधी, बुडाशी पुसटसा पांढरा पापुद्रा असतो. मार्च-एप्रिलच्या आपल्या कोरड्या हवेत तो स्थिर विजेने झाकणाला जाऊन चिकटतो. आधी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवा, मग उघडा. पावसाळ्यात उलटं: फ्रीझरमधून काढलेली कुपी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत डेसिकेटरमध्येच राहू द्या, नाहीतर भुकटी हवेतलं पाणी ओढून घेते. निर्जंतुक पाण्यात विरघळवा. डीएमएसओ हा द्रावक शक्यतो टाळा, सीडीला (हेलिक्स ओळखायची प्रकाशाची चाचणी, पुढे ९ मध्ये) तो चालत नाही. छोटे छोटे भाग करून गोठवा, आणि थोडी भुकटी कोरडीच ठेवा. लाइट रात्रभर गेली आणि फ्रीझर वितळला, तर तेवढं तरी वाचतं.

७. एमआयसी

सगळ्यात आधी: अगर वेल किंवा डिस्क पद्धत नको. आपल्याकडे हात त्यावरच बसलेला असतो, फोटोही छान येतो. पण अगरमध्ये ऋण गट असतात, धन चार्जचं पेप्टाइड त्यांना अडकतं. सगळ्यात जास्त चार्जवाल्याभोवतीचं जिवाणू न वाढलेलं वर्तुळ सगळ्यात लहान येऊ शकतं, आणि तुम्ही उलटा निष्कर्ष काढून मोकळे होता.

ब्रॉथ मायक्रोडायल्युशनच करा, म्हणजे द्रव माध्यमात पेप्टाइड पायरीपायरीने पातळ करत तपासा. ०.५ मॅकफरलँड (गढूळपणाचं माप) म्हणजे मिलीला साधारण १५ कोटी जिवाणू. ते ३०० पट पातळ केले की ५ लाख होतात, तेवढेच हवेत. पेप्टाइडच्या दुप्पट-दुप्पट पातळ्या ०.०१ टक्के अ‍ॅसिटिक आम्ल आणि ०.२ टक्के बीएसएच्या पाण्यात, दहापट तीव्रतेने करा. प्रत्येक खान्यात १०० मायक्रोलिटर जिवाणू आणि ११ मायक्रोलिटर पेप्टाइड. साधी पॉलिस्टायरीनची प्लेट धन पेप्टाइड भिंतीला चिकटवून घेते, त्यामुळे ती वापरू नका. तिची अडचण ही की चूक दिसत नाही, नुसतीच एमआयसी जास्त येते.

आपल्याकडची खास अडचण मे महिन्यात. साधा इनक्युबेटर फक्त तापवतो, थंड करत नाही. खोलीच ३८-३९ वर गेली तर तो ३७ वर राहणारच नाही. आत वेगळा थर्मामीटर ठेवा, आणि वातानुकूलित खोली कुठल्या विभागात आहे ते लॅबमधल्या मामांना विचारा, त्यांना सगळं माहीत असतं. कडेचे खाने कोरड्या उन्हाळ्यात आटतात. त्यांत नुसतं पाणी भरा, आणि प्लेट ओल्या टिश्यूसह डब्यात ठेवा.

१८ तासांनी प्लेट उजेडासमोर धरून खालून बघा. वाढ झालेल्या खान्यात बुडाशी पांढरी गोल टिकली दिसते, एमआयसीच्या खान्यापासून पुढे ती नसते. पातळ्या दुपटीच्या असल्यामुळे ४ आणि ८ हा फरक नव्हेच. पद्धतीची ती नेहमीची चूकमर्यादा आहे. ४ आणि ३२ असेल तर बोला.

जमलं तर तेच पेप्टाइड १५० मिलिमोलार मिठाच्या ब्रॉथमध्येही तपासा. नुसत्या चार्जच्या जोरावर चालणारी पेप्टाइड तिथे ढेपाळतात.

८. हिमोलिसिस

ताजं रक्त, पीबीएसने वरचं पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवा, ४ टक्के पेशी, ३७ अंशांवर तासभर, मग सेंट्रिफ्यूज करून वरच्या द्रवाचं ५४० नॅनोमीटरला वाचन. नुसत्या पीबीएसचं वाचन शून्य टक्के, ट्रायटनचं शंभर. जुनं रक्त आपोआप फुटतं. पीबीएसवाली नळी गुलाबी दिसली की तो दिवस सोडून द्या. एमआयसीच्या मात्रेपर्यंतच नव्हे, तिच्या बऱ्याच वरपर्यंत मोजा.

९. सीडी

यंत्र बहुधा बाहेरच मिळेल. देशभरातल्या संस्थांची यंत्रं शोधायच्या आय-स्टेम पोर्टलवर शोधा, किंवा पुण्या-हैदराबादच्या संस्थांकडे विचारा. नमुने कोरडे न्या. पीबीएसमधलं क्लोराइड २०० नॅनोमीटरखाली उजेड शोषतं, म्हणून १० मिलिमोलार फॉस्फेट बफर वापरा. हेलिक्स असेल तर २०८ आणि २२२ ला दोन खळगे दिसतात. पाण्यात मात्र ते दिसणार नाहीत, १९८ च्या आसपास एकच खळगा येईल, आणि घाबरायचं कारण नाही: या पेप्टाइडांचा हेलिक्स पटलाला भेटल्यावरच तयार होतो. म्हणून पटलाची नक्कल करणाऱ्या एसडीएस या साबणासारख्या पदार्थातही मोजायचं. ५० टक्के ट्रायफ्लुरोइथेनॉल सगळेच वापरतात, पण त्यात बहुतेक पेप्टाइडांचा हेलिक्स होतोच. फक्त त्यावर विसंबून 'आमचं पेप्टाइड हेलिकल आहे' लिहू नका.

१०. तक्ता

एका ओळीत एक पेप्टाइड: लांबी, चार्ज, हायड्रोफोबिक मोमेंट, हेलिक्सची टक्केवारी, दोन्ही जिवाणूंची एमआयसी मायक्रोमोलारमध्ये, निम्म्या पेशी फुटतात ती मात्रा, आणि तिला एमआयसीने भागून येणारा निर्देशांक. प्रत्येक मोजमाप वेगवेगळ्या दिवशी किमान तीनदा. सगळ्यात वरच्या मात्रेलाही जिवाणू वाढले तर '१२८ पेक्षा जास्त' असंच लिहा, अंदाजाने २५६ लिहू नका. निर्देशांकासाठी तिथे दुप्पट मात्रा धरायची रीत आहे. ती धरली असेल तर तक्त्याखाली बारीक अक्षरात तसं नमूद करा.